दोन बाटल्या आणि एक बाग

मंगळवार, ४ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कुटुंबप्रमुखाने नोंदी ठेवल्या पाहिजेत, नाहीतर उद्या कुणीही काहीही बरळतं. नॉर्ते घराण्याचा प्रमुख होऊन मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझ्या पाठीमागे जे बोललं गेलं ते सगळं टिपून ठेवलं असतं, तर अशा दहा वह्या लागल्या असत्या.

मंगळवार म्हणजे समुद्राला सुट्टी. एकही होडी पाण्यात नाही आणि आमची अख्खी वस्ती, नॉर्तेमान, किनाऱ्यावरच्या बागेत. पुरुष जाळी शिवत बसलेले, बायका एकमेकींच्या वेण्या घालताहेत, खाली वाळूत फुटबॉल. त्याच्या पलीकडे चर्चचे पांढरे झगेवाले समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करताहेत आणि चेंडू अंगावर आला की डोळे न उघडता लाथाडताहेत. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण अडोले, नेहमीसारखी कडुनिंबाखाली मासे तळत होती. बाकांपैकी चार मोडलेले, नळ कोरडा, कारंज्यात शेळ्या. नगरपालिकेला आज सातवं पत्र टाकलं. पहिल्या सहांचं काय झालं ते देवाला ठाऊक.

"पत्रांनी बाक उभे राहत असते ना ओडोई, तर तू एव्हाना राजवाडा बांधला असतास," ताई म्हणाली. "घे, मासा खा."

तिला समजत नाही. या बाजूचा किनारा हॉटेलांनी गिळला, त्या बाजूचा क्लबांनी. अक्रात फुकट पाय भिजवता येतील अशा जागा आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली ही आमची. जमीन नॉर्ते घराण्याची, पण आजोबांनी ती सगळ्यांसाठी मोकळी सोडली आणि राखण घराण्याच्या प्रमुखाकडे दिली. आता ती माझ्याकडे आहे. मी काळजी नाही करायची तर कुणी करायची?

लारियादादा आजही आला नाही. थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेशीला राहतो. सहा वर्षांत त्याने बागेत पाय ठेवलेला नाही. लोक म्हणतात, रुसलाय. रुसू दे. माझी निवड झाली तेव्हा तो कमरेचं हाड मोडून इस्पितळात पडला होता. त्याचं हाड जुळेपर्यंत घराण्याने बिनडोक्याचं राहायचं होतं का?

रविवार, ९ मार्च

आज माझा जुना विद्यार्थी डेझमंड ओकांते आला होता. भूगोलात कायम काठावर पास होणारा. आता मोठी काळी गाडी आहे, पण ती त्याने दूर रस्त्यावरच थांबवली, बूट काढून हातात घेतले आणि वाळूतून चालत माझ्या बाकापर्यंत आला. वाकून नमस्कार केला. सगळे बघत होते.

"मास्तर, तुम्ही नकाशा काढायला शिकवला नसतात तर मी आज कुठे असतो?"

नकाशा त्याला कधीच जमला नव्हता, पण ऐकून बरं वाटलं. चाळीस वर्षं शिकवलं, आणि किती जणांनी परत येऊन असं म्हटलं? मोजून तीन, त्यातला एक दारू प्यायलेला होता. डेझमंडची कंपनी जागांचं सुशोभन करते म्हणे. म्हणाला, "बाक, नळ, दिवे, सगळं आमच्यावर सोडा. नगरपालिकेच्या नादी लागून तुम्ही आपली प्रकृती कशाला बिघडवता?"

तो गेल्यावर ताई कढईवरून उठून आली.

"याला तू वर्गात छड्या मारायचास ना?"

"शिस्तीसाठी."

"मग याच्या तोंडातून मध का गळतोय?"

"याला कृतज्ञता म्हणतात, ताई."

"कृतज्ञ माणूस येतो, केंकी खातो आणि जातो. हा पावलं टाकून जागा मोजत होता."

भूगोलाचा विद्यार्थी आहे, सवय असते, असं मी तिला सांगितलं. तिने नाक मुरडलं. ज्यांना कुणी नमस्कार करत नाही त्यांना दुसऱ्याला केलेला नमस्कार सहन होत नाही.

शनिवार, २२ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

डेझमंड आला, सोबत कंपनीचे दोन वयस्क गृहस्थ, कडक कपड्यांतले. आणि स्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या, खोक्यासकट. पूर्वजांना अर्पण केल्याशिवाय इथल्या मातीला हात लावायचा नाही, असा त्याचाच आग्रह. हल्लीच्या मुलांत हे कुठे दिसतं? मी प्रमुखाचं कापड खांद्यावरून घेतलं, कडुनिंबाच्या मुळाशी उभा राहिलो आणि आजोबांपासून सगळ्यांची नावं घेऊन बाटली ओतली. एक नावही अडखळलं नाही. डेझमंडने फोटो काढले.

बाकीच्या वडीलधाऱ्यांना बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर प्रत्येकाला बाटलीत वाटा द्यावा लागला असता आणि भाषणाला वेळ. शिवाय हे माझ्या विद्यार्थ्याचं आणि माझं होतं.

मग त्याने एक कागद पुढे केला. आभाराचं पत्र, कंपनीच्या दप्तरासाठी. इंग्रजी इतकं भिकार की वाचवेना. लाल पेन खिशात होतंच. स्पेलिंगच्या तीन चुका आणि एक हरवलेला स्वल्पविराम जागच्या जागी दुरुस्त केला. 'सदर भूखंड', 'रिवाजानुसार पेय स्वीकारून', असले कोर्टकचेरीचे जडजड शब्द कशाला घालतात कुणास ठाऊक. आभार मानायचे तर दोन ओळी पुरतात, असं मी त्याला सुनावलं. तो हसला, म्हणाला, "मास्तर, तुमच्यापुढे आम्ही अजून चौथीतच." मी सही केली. त्या दोघांनीही केली.

संध्याकाळी ताईला कळलं.

"येण्याचं कारण विचारलंस?"

"कुणाला? डेझमंडला? अगं, पोरगा आहे आपला. पोराला काय विचारायचं, का आलास म्हणून?"

"पाहुणा बाटली घेऊन आला की कारण चारचौघांत वदवून घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. हे आपल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे."

"कारण समोर दिसतंय. मोडके बाक!"

"दिसतंय ते कारण नसतं. बोललं जातं ते कारण असतं. बाबा कधी असं विसरले असते?"

बाबांचं नाव मध्ये आणायची तिची जुनी खोड. उरलेली बाटली मी कपाटात ठेवली आहे. तिच्या दृष्टीस पडायला नको.

रविवार, ६ एप्रिल

बाक निळे झाले. नळाला पाणी आलं. बायका हंडे घेऊन रांगेत होत्या, आणि दोघीतिघींनी मला पुढे बोलावून पहिला पेला भरून दिला. कुणीतरी "मास्तरांची बाग" म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण छाती भरून आली हे खोटं कशाला सांगू.

सोमवार, १२ मे

आजपासून आवाजबंदी. होमोवोच्या सणाआधीचा शांततेचा महिना. ढोल नाही, भोंगा नाही, चर्चवाल्यांची टाळीही नाही. पेरलेला मका शांतपणे उगवू द्यायचा, असं वाडवडील म्हणत. मला हा महिना आवडतो. बागेत बसलं की लाट ऐकू येते.

मंगळवार, २० मे

बागेभोवती खांब रोवताहेत. मी फोन केला तेव्हा डेझमंड म्हणाला, वाळूचोरांसाठी. वाळूचे ट्रक भरून नेतात हे खरंच आहे. कुंपण हवंच होतं, मीच दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं.

पण लिहायचं ते हे, की कंपनीने बंदीचा मान किती राखला! एक हातोडा वाजला नाही. खड्डे हाताने खणले, जाळी स्क्रूने आवळली, कामगार आपापसात खुणांनी बोलत होते. एकाच्या हातून पहार दगडावर पडली तर मुकादमाने त्याला डोळे वटारले. मी त्या मुकादमाची पाठ थोपटली. बाहेरचा माणूस, पण आमच्याच पोरांपेक्षा रीत जाणतो.

दुपारी ताई आणि होड्यांचा म्होरक्या दारात. त्याला नगारा पिटून गाव गोळा करायचं होतं.

"बंदी आहे," मी म्हणालो.

"मास्तर, कुंपण पाण्यापर्यंत चाललंय. होड्या कुठून ओढायच्या? तुमच्या अंगणातून?"

"वाट ठेवतील. मी बोलतो डेझमंडशी. पण नगारा नाही. परंपरा म्हणजे परंपरा. देवांचा कोप झाला आणि जाळी रिकामी आली तर पुन्हा माझ्याच दारात याल."

म्होरक्या थुंकला. माझ्याकडे नव्हे, बाजूला, पण थुंकला. ताई जाताना म्हणाली, "आवाज होऊ द्यायचा नाही हे त्यांना किती सोयीचं पडलं बघ."

हे ती उगाच म्हणाली. बंदीच्या तारखा काही कंपनी ठरवत नाही.

मंगळवार, १० जून

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी बागेला फाटक. फाटकाला पहारेकरी, आणि वर पाटी: आत जायला तिकीट, खाद्यपदार्थ आणण्यास मनाई, जाळी वाळत घालण्यास मनाई. मंगळवार असून सगळं नॉर्तेमान रस्त्यावर उभं होतं. ताई कढई डोक्यावर घेऊन. पांढरे झगेवाले फुटपाथवर गुडघे टेकून, समुद्र जाळीतून बघत. होड्यांसाठी वाट होती, एका होडीच्या रुंदीची, पार खडकांच्या बाजूला, जिथे ओढताना होडीची पाठ फुटेल.

मी पुढे झालो. पहारेकऱ्याने यादी पाहिली, सलाम ठोकला आणि वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'नुमो' म्हणाला. "नुमो ओडोई, आपलं स्वागत आहे. आपल्याला तिकीट नाही." आणि माझ्यापुरतं फाटक उघडलं. मी आत गेलो. का गेलो? मला वाटलं, आत जाऊन भांडावं. पण माझ्यामागे फाटक बंद झाल्याचा आवाज आला, तेव्हा मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. पाठीवर सगळ्यांचे डोळे टोचत होते.

डेझमंड एका नव्या खोलीत बसला होता. भिंतीवर माझा फोटो, चौकटीत, कडुनिंबाखाली बाटली ओतताना.

"हे काय केलंस तू?"

"मी? मास्तर, तुम्ही दिलीत." त्याने कागद काढला. तोच. माझ्या लाल शाईसकट. पन्नास वर्षांसाठी सदर भूखंड, रिवाजानुसार पेय स्वीकारून, साक्षीदारांसमोर. "वाचून सही केलीत. चुकासुद्धा काढल्यात. आमचे वकील म्हणतात, इतका पक्का कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. मास्तरांनी शब्द न् शब्द तपासलाय हे लाल शाईच सांगते."

"तू मला फसवलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग जरा मऊ आवाजात, "तुमचा मान कुठे कमी केलाय आम्ही? चहा घेता?"

घेतला नाही. एवढं तरी लिहून ठेवतो, की घेतला नाही.

गुरुवार, २६ जून

ताईच्या अंगणात बैठक. सगळे आले होते. मला खुर्ची दिली, पण ती जरा वेगळी, बाजूला. ताईची नात आमेर्ले वकील आहे, तिने सगळी कागदपत्रं वाचली होती. ती मला 'आजोबा' म्हणते, आजही म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

"कागद पक्का आहे," ती म्हणाली. "पेय घेतलं, साक्षीदार आहेत, सही आहे. फसवणूक सिद्ध करायला दहा वर्षं जातील, तोवर तिथे हॉटेल उभं राहील. एकच वाट आहे. जमीन द्यायचा अधिकार फक्त घराण्याच्या रीतसर प्रमुखाला. पेय घेणारा रीतसर प्रमुख नसेल, तर ते पेय म्हणजे नुसती दारू. व्यवहार तिथेच संपतो."

 मग दारातून काठीचा आवाज आला. लारियादादा. सहा वर्षांत केस पार पांढरे झालेत. मी उठलो नाही, उठायला हवं होतं.

आमेर्लेने स्पष्टच विचारलं. "रिवाजाने थोरल्या शाखेतल्या सगळ्यांना निरोप गेल्याशिवाय निवड होत नाही. लारियाआजोबांना निरोप मिळाला होता?"

"नाही," दादा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, पाठवला होता.

"ओडोई, मला खुर्ची नकोय," दादा म्हणाला. "या वयात खुर्ची घेऊन काय करू, लाकडं फोडू? मला संध्याकाळी त्या वाळूत बसायचंय, बस. कोर्टात एवढंच सांग, की लारियाला कळवलं नव्हतं. माझ्या मनात काही नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

"आणि लोक मला काय म्हणतील? सहा वर्षं तोतया होता?"

"आत्ता काय म्हणतात ते ऐकलंयस?" ताई कडाडली. "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात. तोतया त्यापेक्षा बरा!"

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. फार वाईट वाटलं. मी सांगेन म्हणालो.

रविवार, २९ जून

चर्चला गेलो नाही.

खरं काय झालं ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. दादाला निरोप द्यायचं ठरलं होतं. मी म्हणालो होतो, मी स्वतः इस्पितळात जाऊन सांगतो. गुरुवारी जाणार होतो. गुरुवारी शाळेत तपासणी होती. शुक्रवारी पाऊस होता. शनिवारी निवड झाली. लोकांनी विचारलं, लारियाला कळवलंस का? मी होकारार्थी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि कळवलं असतं तरी तो येऊ शकणार नव्हता. मग कळवलं काय न कळवलं काय, सारखंच की.

दादा तेव्हा होता तरी कोण? गॅरेजवाला. मी पदवीधर. घराण्याला कोण शोभलं असतं?

पण बागेवरून जाताना आज पाहिलं. ताई रस्त्याच्या कडेला, धुळीत, गाड्यांच्या धुरात मासे तळत होती. माझ्याकडे बघून तिने झाऱ्यासकट पाठ फिरवली.  सांगून टाकीन. एका वाक्याचं तर काम आहे.

मंगळवार, १५ जुलै

सुनावणी झाली. तातडीचा अर्ज असल्यामुळे तारीख लवकर मिळाली. मंगळवार असल्यामुळे सगळेच कोर्टात, कोळीसुद्धा, धुतलेल्या सदऱ्यांत. मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली.

आमेर्लेने आधी विचारलं. सोपा प्रश्न. "तुमच्या निवडीआधी थोरल्या शाखेच्या लारिया नॉर्ते यांना निरोप गेला होता का?"

मी तोंड उघडलं. दादा दुसऱ्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. माझ्याकडे बघून त्याने हळूच मान डोलावली, लहान मुलाला धीर द्यावा तशी. ते मला लागलं. त्याने रागावून बघितलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याची दया मला नको होती.

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

मग कंपनीचा वकील उठला. गोड आवाज. "नुमो, चाळीस वर्षं आपण शिक्षक होता. सहा होमोवो आपण प्रमुख म्हणून साजरे केलेत. लोकांच्या लग्नांत, बारशांत, मयतीत पूर्वजांना अर्पण केलंत. आज हे लोक म्हणताहेत की ते सगळं ढोंग होतं. आपण या कोर्टाला सांगाल का, की आपण सहा वर्षं आपल्याच माणसांना फसवलंत?"

"मी कुणाला फसवलेलं नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तर मग सरळ सांगा. आपण नॉर्ते घराण्याचे रीतसर निवडलेले प्रमुख आहात?"

मागे कुणाचंतरी बाकडं करकरलं. डेझमंड नखं बघत होता. माझ्या अंगावर तेच कापड होतं, प्रमुखाचं.

"आहे," मी म्हणालो. "रीतसर."

आमेर्लेने फाईल मिटली. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. अर्ज फेटाळला जायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताई माझ्याजवळून गेली. मी म्हणालो, "ताई, शपथेवर कसं बोलणार होतो? देवाच्या पुस्तकावर हात होता." ती थांबली आणि म्हणाली, "म्हणूनच तर विचारलं होतं तिथे." आणि दादाचा हात धरून पायऱ्या उतरली.

मी योग्य केलं असं मला वाटतं. मास्तरानेच आपलं नाव मातीत घातलं तर त्याने शिकवलेल्या पोरांनी कुणाकडे बघायचं? मी योग्यच केलं. दोनदा लिहायची गरज नव्हती.

शनिवार, ९ ऑगस्ट

होमोवो.

ताईने माझ्यासाठी क्पोक्पोई, सणाची मक्याची उकड, केली नाही. पहिल्यांदाच. मी बाजाराजवळच्या एका बाईकडून करवून घेतली, तिने पाम तेल कमी घातलं होतं. प्रमुखाने घराण्याच्या जागेवर ती शिंपडायची असते, आणि जागा कुंपणाच्या आत. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. आत खुर्च्या, छत्र्या, ओला टॉवेल पांघरलेले दोन पाहुणे. ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एकाने फोटो काढला.

बाकी सगळे कुंपणापलीकडे, खडकांच्या त्या चिंचोळ्या वाटेवर होते. लारियादादा मध्ये, ताई त्याच्या शेजारी, पातेलं तिच्या डोक्यावर.

मी कडुनिंबाखाली उभा राहिलो, मूठ भरली आणि प्रार्थना सुरू केली. पाऊस येवो, मका येवो, मासा येवो, समेट घडो. प्रत्येक वाक्यानंतर घराण्याने 'हियाओ', म्हणजे तथास्तु, म्हणायचं असतं. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि सवयीने थांबलो. तेवढ्यात 'हियाओ!' असं मोठ्याने ऐकू आलं, शेदीडशे माणसांचं, एका सुरात.  क्षणभर मला वाटलं, मला माफ केलं. मी वळून पाहिलं. सगळ्यांची तोंडं दादाकडे होती. त्याचा आवाज वाऱ्यामुळे माझ्यापर्यंत पोचत नव्हता, नुसतं उत्तरच पोचत होतं.

मी दुसरं वाक्य म्हटलं. थांबलो. टॉवेलवाल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

अर्धवट सोडलेली प्रार्थना अशुभ असते. म्हणून ती मी शेवटपर्यंत म्हटली, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'हियाओ' मीच म्हणालो.